अल्फा आणि बीटा: सॉफ्टवेअरची घरची परीक्षा आणि बाहेरची परीक्षा

नागपूर शहराच्या पूर्व भागात कळमन्याचे मोठे बाजार आवार आहे. संत्री, मिरची, धान्य, भाजीपाला असा नाना प्रकारचा माल तेथे येतो. हंगामात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. मिरची किंवा धान्य आणणारा शेतकरी माल घरूनच निवडून, पाखडून, पोत्यात भरून आणतो. तरीही घेणारा व्यापारी पोत्यात हात घालतो, तळाचा मूठभर माल वर काढतो आणि उजेडात धरून पाहतो. शेतकऱ्याने लबाडी केली असेल असा त्याचा अर्थ नसतो. निवडणाऱ्याच्या नजरेला आपला माल सवयीचा झालेला असतो. घेणारा मात्र त्याच मालाकडे आपल्या गरजेच्या नजरेने पाहतो, म्हणून त्याला वेगळे दिसते. माल एकच, पण त्याची पारख दोनदा होते. एकदा घरी आणि एकदा बाजारात.

संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे सॉफ्टवेअरचीही अशीच दोनदा पारख करण्याची पद्धत आहे. पहिल्या पारखीला 'अल्फा चाचणी' म्हणतात आणि दुसरीला 'बीटा चाचणी'. हे शब्द आता केवळ संगणक अभियंत्यांचे राहिलेले नाहीत. शाळेतील प्रवेश, हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकाल अशी कितीतरी कामे शिक्षकांना संगणकावर किंवा मोबाइलवर करावी लागतात. नवे ॲप आले की पहिल्या आठवड्यात ते अडते, शेवटच्या तारखेच्या रात्री तर हमखास अडते, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना आहे. असे का होते, ते टाळता येते का आणि त्यात आपले काम कोणते, हे समजून घ्यायचे तर या दोन चाचण्यांमधील फरक नीट समजला पाहिजे.

नावे कोठून आली?

अल्फा आणि बीटा ही ग्रीक वर्णमालेतील पहिली दोन अक्षरे. चाचण्यांना ही नावे मिळाली त्याचा उगम १९५० च्या दशकातील आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीत सांगितला जातो. नवे यंत्र तयार करताना तेथे 'ए' चाचणी आणि 'बी' चाचणी असे टप्पे असत. यंत्राची जाहीर घोषणा करण्याआधी 'ए' चाचणी घेत. यंत्राचे कारखान्यात उत्पादन सुरू करण्याआधी 'बी' चाचणी. म्हणजे मुळात ही नावे यंत्रांच्या चाचण्यांची होती, सॉफ्टवेअरची नव्हती. पुढे सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा झाला, इतर कंपन्यांनी हे शब्द उचलले आणि त्यांचा अर्थही बदलला. आज अल्फा म्हणजे तयार करणाऱ्यांच्या घरची परीक्षा आणि बीटा म्हणजे वापरणाऱ्यांच्या हाती देऊन घेतलेली बाहेरची परीक्षा, असा अर्थ रूढ आहे.

या दोन्हींच्या आधीही काही तपासण्या होतात, हे लक्षात ठेवावे. आज्ञावलीचे लहान लहान भाग लिहिले जातात तेव्हा प्रत्येक भाग सुटा तपासतात. मग भाग एकमेकांना जोडून तपासतात. सायकलची चेन, ब्रेक आणि चाक वेगवेगळे तपासावे आणि नंतर सायकल उभी करून चाक फिरवून पाहावे, तसेच हे आहे. पण सायकल चालवून पाहिली असे अजून झालेले नसते. चालवून पाहण्याची सुरुवात अल्फापासून होते.

घरची परीक्षा

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातील तपशील बाजारातल्या रोजच्या व्यवहाराचे आहेत. समजा, कळमन्यासारख्या बाजारात आलेल्या मालाची नोंद ठेवण्यासाठी एक आज्ञावली लिहायची आहे. तिच्यात शेतकऱ्याचे नाव, गाव, मालाचा प्रकार, वजन, लिलावात ठरलेला भाव आणि घेणाऱ्याचे नाव भरायचे. आज्ञावलीने गुणाकार करून, हमाली आणि तोलाईचा हिशेब धरून शेतकऱ्याच्या हाती द्यायची हिशेबपट्टी छापायची.

आज्ञावली लिहून झाली. आता अल्फा चाचणी सुरू होते. ती तयार करणाऱ्या संस्थेच्या कचेरीतच होते. चाचणी घेणारे बहुधा त्याच संस्थेतील लोक असतात. आज्ञावली ज्यांनी लिहिली त्यांच्याखेरीज इतर सहकाऱ्यांना मुद्दाम या कामावर बसवतात. कधी एखाद्या ग्राहकालाही बोलावून घेतात, पण तो येतो तो संस्थेच्या जागेत, संस्थेच्या संगणकावर, आणि लिहिणारा त्याच्या शेजारी उभा असतो.

ते काय तपासतात? वजन १० क्विंटल आणि भाव ५,००० रुपये घातला तर ५०,००० येतात का? वजनाच्या जागी शून्य घातले तर? वजन उणे घातले तर? भावाच्या जागी अंकाऐवजी अक्षर टाकले तर आज्ञावली 'चूक आहे' असे सांगते की बंदच पडते? नोंद साठवली ती दुसऱ्या दिवशी तशीच सापडते का? पट्टीवरील बेरीज जुळते का? अल्फाच्या टप्प्यात आज्ञावली पुष्कळदा अपुरी असते. चाचणी चालू असतानाच तिच्यात नवे भाग घातले जातात, जुने बदलले जातात. ती मधेच बंद पडली तरी कोणाचे नुकसान होत नाही, कारण तिच्यातील शेतकरीही कल्पित असतो आणि मालही.

अल्फा चाचणी घेणाऱ्याला आणखी एक सोय असते. त्याला आज्ञावलीच्या पोटात डोकावून पाहता येते. कोणत्या ओळीत काय लिहिले आहे हे ठाऊक असल्यामुळे 'या ओळीपर्यंत कधी पोचणारच नाही का?' असा नेमका प्रश्न तो विचारू शकतो. घड्याळजी घड्याळ उघडून चाके पाहतो तसे हे आहे. बाहेरच्या माणसाला फक्त काटे दिसतात.

मग एवढे सगळे तपासल्यावर चूक राहील कशी? राहते, आणि त्याचे कारण साधे आहे. ज्यांनी आज्ञावली लिहिली त्यांनी जे गृहीत धरले तेच तपासणाऱ्यांनीही नकळत गृहीत धरलेले असते. आपण स्वतः लिहिलेल्या प्रश्नपत्रिकेतील मुद्रणदोष आपल्याला दिसत नाहीत. परीक्षेच्या खोलीत पहिल्या पाच मिनिटांत एखादा मुलगा हात वर करतो. त्या मुलाला आपल्यापेक्षा अधिक येत असते असे नव्हे. तो कागदावर जे आहे ते वाचतो. आपण आपल्या मनात जे होते ते वाचत असतो.

बाहेरची परीक्षा

घरच्या परीक्षेत उतरलेली आज्ञावली बीटा चाचणीला जाते. आता ती बऱ्याच अंशी पूर्ण झालेली असते. नवे भाग घालणे थांबवतात. सापडतील ते दोष तेवढे दुरुस्त करायचे असे ठरते. ती खऱ्या वापरणाऱ्यांच्या हाती, त्यांच्या जागी, त्यांच्या यंत्रावर आणि त्यांच्या घाईगर्दीत दिली जाते. लिहिणारा शेजारी नसतो. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अल्फा आणि बीटा यांच्यातील मुख्य फरक हाच सांगतात: एकीत तयार करणारा हजर असतो, दुसरीत तो गैरहजर असतो.

आपल्या उदाहरणात समजा, चार अडत्यांनी स्वखुशीने महिनाभर ही आज्ञावली वापरून पाहायचे कबूल केले. त्यांनी वहीतील नोंदही चालू ठेवली. पहिल्या आठवड्यात काय काय समोर येऊ शकेल ते पाहू.

संत्र्याचा भाव टनावर बोलला जातो, तुरीचा क्विंटलवर. आज्ञावली लिहिणाऱ्याने सगळीकडे क्विंटल धरला होता. संत्र्याची ३० क्विंटलची गाडी २५,००० रुपये टन भावाने गेली. खरे पैसे झाले ३ गुणिले २५,००० म्हणजे ७५,००० रुपये. पट्टीवर छापून आले साडेसात लाख! गुणाकार बरोबर होता; अल्फा चाचणीत तो शंभर वेळा तपासला होता. चूक गुणाकारात नव्हती, गृहीतात होती.

एका गाडीतून तीन शेतकऱ्यांचा माल आला. आज्ञावलीत एका गाडीला एकच नाव घालण्याची सोय होती. एकाच गावचे, एकाच नावाचे दोन शेतकरी निघाले. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खात्यावर गेली. नोंद साठवण्याच्या क्षणी वीज गेली. ती परत आल्यावर मुनिमाने तीच नोंद पुन्हा केली आणि माल दोनदा आल्याचे दिसू लागले. कचेरीत स्वच्छ दिसणारी मोबाइलवरील बारीक अक्षरे आवारातील उन्हात वाचता येईनात.

आणखी एक दोष खास आपल्या भाषेचा. समजा, आज्ञावली मूळ हिंदीत तयार झाली आणि तिचे मराठी रूप नंतर केले. 'शेतकरी' हा शब्द पडद्यावर नीट उमटला म्हणून चाचणी घेणाऱ्याने खूण केली आणि तो पुढे गेला. पण मराठीत 'शेतकरी' ला प्रत्यय लागला की 'शेतकऱ्याचे' होते. तेथे रफार चालत नाही. य च्या आधी आडवा वळसा घेणारा अर्धा र लागतो. हिंदीत या अक्षराची गरजच पडत नाही, म्हणून ते तपासावे हे हिंदी भाषकाला सुचणे कठीण. यूनिकोड या जागतिक अक्षरसंचात साध्या र हून वेगळा असा 'ऱ' आहे आणि त्याच्यापासून हा अर्धा र तयार होतो. पण वापरलेल्या टंकात किंवा कळफलकावर त्याची सोय नसेल तर 'शेतकर्याचे' असे काहीतरी उमटते. हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. कऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांच्या मुलांची नावे दाखल्यावर चुकतात तेव्हा त्याची किंमत त्या मुलांना पुढे अनेक कचेऱ्यांत मोजावी लागते. हा दोष पहिल्याच दिवशी सापडायला मराठी लिहिणारा माणूस पुरतो. मात्र तो चाचणीत असायला हवा.

वरच्या यादीकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येईल. यांतील बहुतेक दोष आज्ञावलीच्या पोटात डोकावून सापडले नसते. ते बाजाराकडे पाहूनच सापडतात.

विदर्भातील वाचकांना ही पद्धत शेतीतून परिचयाची असेल. पिकाचे नवे वाण तयार झाले की ते आधी संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर घेतात. तेथे जमीन माहितीची, पाणी मोजून, निंदण वेळेवर. मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या होतात आणि पुढे शेतकऱ्यांच्या शेतावर. तेथे पाऊस उशिरा येतो, खत कमी पडते, रानडुकरे येतात. प्रक्षेत्रावर चांगले आलेले वाण शेतावर टिकले तरच ते शिफारशीला योग्य ठरते. यांतील कोणताही एक टप्पा दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

थोडे गणित

बीटा चाचणीला माणसे जास्त का लागतात, याचे उत्तर शाळेतील संभाव्यतेच्या गणिताने देता येते. समजा, आज्ञावलीत असा एक दोष आहे की तो सरासरी एक हजार नोंदींत एकदाच प्रकट होतो. म्हणजे एका नोंदीत तो न दिसण्याची शक्यता ०.९९९. अल्फा चाचणीत २०० वेगवेगळ्या नोंदी केल्या, तर त्या सगळ्यांत तो न दिसण्याची शक्यता ०.९९९ चा २०० वा घात, म्हणजे सुमारे ०.८२. शंभरातील ८२ वेळा हा दोष चाचणीतून निसटून जाणार. आता बीटा चाचणीत ५,००० नोंदी झाल्या असे समजा. ०.९९९ चा ५,००० वा घात सुमारे ०.००७ येतो. म्हणजे दोष एकदा तरी दिसण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक झाली.

मात्र या गणितात 'वेगवेगळ्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकच नोंद पाच हजार वेळा केली तर काहीच नवे कळत नाही. बीटा चाचणीचे बळ केवळ संख्येत नसून विविधतेत असते. निरनिराळी माणसे, निरनिराळी यंत्रे, निरनिराळ्या सवयी एकत्र आल्या की ती विविधता आपोआप मिळते. आणि इतके करूनही 'दोष उरलाच नाही' असे सिद्ध होत नाही. चाचणीने दोष आहे हे दाखवता येते, दोष नाही हे दाखवता येत नाही, हा मुद्दा डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारास मांडला. तो आजही तितकाच खरा आहे.

लसीकरणाच्या वेळचा अनुभव

आता कल्पित उदाहरण सोडून आपल्या सर्वांच्या अनुभवातील एक खरे उदाहरण घेऊ. करोनाच्या साथीत लसीकरणाची नोंद ठेवण्यासाठी 'कोविन' ही संगणकीय व्यवस्था उभी केली होती. प्रत्यक्ष लस देण्याआधी तिची रंगीत तालीम झाली. २८ आणि २९ डिसेंबर २०२० या दिवशी आंध्र प्रदेश, आसाम, गुजरात आणि पंजाब या चार राज्यांत, आणि २ जानेवारी २०२१ रोजी देशभरातील निवडक जिल्ह्यांत. महाराष्ट्रात २ जानेवारीला पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार हे जिल्हे निवडले होते. प्रत्येक केंद्रावर सुमारे २५ आरोग्य कर्मचारी लाभार्थी म्हणून आले. ओळख पटवणे, नोंद करणे, बसवून ठेवणे हे सारे झाले. लस तेवढी टोचली नाही.

ही तालीम बीटा चाचणीच्या जवळची होती. जागा खरी, कर्मचारी खरे, यंत्रे खरी. तिच्यामुळे केंद्रावरील कामाचा क्रम पक्का झाला. पण तिच्यात एक गोष्ट नव्हती: गर्दी. पंचवीस माणसे, तीही आधी यादीत घातलेली आणि कामाची माहिती असलेली. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर एकाच वेळी लसीकरण सुरू झाले तेव्हा व्यवस्था अडखळली. लाभार्थ्यांना संदेश पोचण्यात अडचणी आल्या, आणि महाराष्ट्रात पहिल्या दिवशी नोंदी कागदावर करण्याची मुभा द्यावी लागली. कागदाची वाट मोकळी होती म्हणून लसीकरण झाले, हे येथे विसरू नये.

पुढचे दोष लोकांनी शोधले. काहींनी लसीची वेळ ठरवली, पण ते त्या दिवशी गेलेच नाहीत. तरीही 'आपले लसीकरण झाले' असा संदेश त्यांच्या मोबाइलवर आला. केंद्रावरच्या घाईत चुकीच्या नावापुढे खूण होत होती. हा दोष आज्ञावलीच्या गणितात नव्हता, माणूस आणि यंत्र यांच्या मधल्या जागेत होता. उपाय म्हणून ८ मे २०२१ पासून चार अंकी सुरक्षा क्रमांक आला. वेळ ठरवणाऱ्याला तो मिळत असे. तो केंद्रावर सांगितल्याशिवाय लस दिल्याची नोंद होत नसे.

१८ ते ४४ वर्षांच्या लोकांची नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता खुली झाली आणि त्या एका दिवसात एक कोटीहून अधिक लोकांनी नावे घातली. सुरुवातीला काही वेळ व्यवस्था दबून गेली. पण त्याहून गंभीर प्रश्न ज्यांनी नाव घातलेच नाही त्यांचा होता. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी काय करावे? सर्वोच्च न्यायालयानेही या विषमतेकडे लक्ष वेधले. २४ मे २०२१ पासून या वयोगटासाठी सरकारी केंद्रांवर जागीच नोंदणी करण्याची मुभा मिळाली आणि जून २०२१ मध्ये कोविन मराठीसह इतर भारतीय भाषांत आले.

या हकिकतीतून दोन धडे मिळतात. एक: बाहेरची परीक्षा खऱ्या परिस्थितीसारखी असावी लागते, जागा खरी पण गर्दी लहान, अशी चाचणी गर्दीचे दोष दाखवत नाही. त्यासाठी एकाच वेळी लाखो मागण्या कृत्रिमरीत्या पाठवून पाहण्याची, भार-चाचणीची, स्वतंत्र पद्धत आहे. दोन: चाचणीत जी माणसे नसतात त्यांच्या अडचणी चाचणीत दिसत नाहीत. आरोग्य कर्मचाऱ्यांवर घेतलेल्या तालमीत स्मार्टफोन नसलेल्या मजुराची अडचण कशी दिसणार?

बाजारांच्या बाबतीत सरकारने पायरीपायरीने जाण्याची पद्धत वापरली होती, तिची येथे नोंद घ्यावी. शेतमालाच्या इलेक्ट्रॉनिक लिलावाची 'ई-नाम' ही योजना १४ एप्रिल २०१६ रोजी आठ राज्यांतील केवळ २१ बाजारांत सुरू झाली. महाराष्ट्रातील बाजार समित्या नंतरच्या टप्प्यांत जोडल्या गेल्या आणि मार्च २०१८ पर्यंत देशातील बाजारांची संख्या ५८५ झाली. अशा आरंभीच्या प्रयोगाला 'पथदर्शी प्रकल्प' म्हणतात. बीटा चाचणीत आज्ञावली तपासली जाते. पथदर्शी प्रकल्पात आज्ञावलीबरोबर माणसे, नियम, वजनकाटे, वीज आणि व्यवहाराची रीतही तपासली जाते. दोन्हींचे तत्त्व एकच: आधी थोड्यांत, मग सगळ्यांत.

'बीटा' नावाची पळवाट

बीटा या शब्दाचा दुरुपयोगही होऊ शकतो. गूगलची जी-मेल ही टपालसेवा १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि तिच्या नावापुढील 'बीटा' ही पाटी ७ जुलै २००९ रोजी निघाली. पाच वर्षे कोट्यवधी लोक चाचणीतील सेवा वापरत होते! जी-मेल चांगली चालली आणि ती घ्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या हाती होते, म्हणून कोणाचे फार बिघडले नाही. पण 'अजून बीटा आहे' असे म्हटले की तयार करणाऱ्याची जबाबदारी कमी होते, असा समज त्यातून पसरला.

याहून वाईट प्रकार म्हणजे पाटी न लावताच लोकांवर चाचणी घेणे. अपुरे तपासलेले सॉफ्टवेअर सक्तीने सर्वांना लावायचे, जुनी पद्धत त्याच दिवशी बंद करायची आणि तक्रारी येतील तशी दुरुस्ती करत जायचे. अशा वेळी शिक्षक, तलाठी, परिचारिका, शेतकरी हे सगळे न सांगता नेमलेले चाचणीकार होतात. चूक आज्ञावलीची असते आणि खुलासा त्यांना द्यावा लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत गेला नाही तर नुकसान मुलाचे होते.

म्हणून आम्हाला असे वाटते की कोणतीही बाहेरची परीक्षा न्याय्य ठरण्यासाठी चार अटी पाळल्या पाहिजेत. वापरणाऱ्याला ही चाचणी आहे हे स्पष्ट सांगितलेले असावे. भाग घ्यायचा की नाही हे त्याला ठरवता यावे. चाचणी संपेपर्यंत जुनी वाट, मग ती वही असो की कागदी अर्ज, चालू असावी. आणि सापडलेला दोष कोणाला कळवायचा व त्याचे पुढे काय झाले हे त्याला समजावे. आपल्या कल्पित उदाहरणातील अडत्यांनी वही बंद केली नव्हती, म्हणून साडेसात लाखांची पट्टी पाहून कोणाला घाबरून जावे लागले नाही. वही बंद असती तर तीच चूक बीटा चाचणीतील एक नोंद न राहता कोणाच्या तरी घरातील आपत्ती झाली असती.

दोष कळवावा कसा?

नवे ॲप अडले की आपण बहुधा 'चालत नाही' एवढेच कळवतो. दुरुस्त करणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. डॉक्टरकडे जाऊन 'बरे वाटत नाही' इतकेच सांगण्यासारखे ते आहे. उपयोगी तक्रारीत चार गोष्टी असाव्यात: आपण क्रमाने काय काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, आणि पुन्हा तसेच केले तर पुन्हा तसेच होते का. त्याच्या जोडीला कोणता फोन, किती वाजता, पडद्यावर कोणते शब्द आले हेही लिहावे. 'नाव घालता येत नाही' यापेक्षा 'आडनावात ऱ्ह हे जोडाक्षर टाइप केले की साठवल्यावर तेथे चौकोन दिसतो. चार मुलांच्या बाबतीत हेच झाले. साध्या आडनावांना होत नाही' ही तक्रार कितीतरी मोलाची आहे. असे लिहिणे म्हणजे प्रयोगवहीत निरीक्षण लिहिण्यासारखेच आहे, आणि ते विज्ञान शिक्षकाइतके चांगले कोण करील?

वर्गात करून पाहा

हा सगळा विषय संगणकाशिवायही शिकवता येतो. सहावी-सातवीच्या मुलांचे पाच-पाच जणांचे गट करावेत. प्रत्येक गटाने कागदाची होडी कशी करावी याच्या सूचना फक्त शब्दांत लिहाव्यात; चित्र काढायचे नाही. ही झाली त्यांची आज्ञावली.

मग गटाने आपल्याच सूचना वाचून होडी करून पाहावी. ही अल्फा चाचणी. काही चुका येथेच सापडतील आणि मुले त्या दुरुस्त करतील. पण होडी बहुतेक सगळ्यांची जमेल, कारण त्यांच्या हातांना होडी आधीच येत असते. सूचनेत जे राहून गेले ते हात भरून काढतात.

आता सूचनांचा कागद दुसऱ्या वर्गातील मुलांना द्यावा. लिहिणाऱ्यांनी शेजारी उभे राहावे, पण बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही. ही बीटा चाचणी. दुसऱ्या वर्गातील निम्म्या मुलांना वहीचे लांबट पान द्यावे आणि निम्म्यांना चौकोनी कागद. 'कागद अर्धा दुमडा' असे लिहिले असेल, तर कोणी उभा दुमडील, कोणी आडवा, कोणी तिरपा. 'कोपरे मध्ये आणा' म्हणजे नक्की कोठे, असा प्रश्न पडेल. चौकोनी कागदवाल्यांची होडी होणारच नाही, कारण कागद लांबट हवा हे लिहायचे कोणालाही सुचलेले नसेल.

शेवटी सापडलेल्या चुका फळ्यावर चार रकान्यांत लिहाव्यात: चुकीची लिहिलेली सूचना, राहून गेलेली पायरी, न समजलेला शब्द, आणि वेगळ्या परिस्थितीमुळे आलेली अडचण. यांपैकी कोणत्या रकान्यातील चुका अल्फात सापडल्या आणि कोणत्या बीटात, ते मुलांनाच मोजू द्यावे. पहिला रकाना बहुधा घरीच रिकामा होतो. उरलेले तीन भरतात ते बाहेर गेल्यावर.

आमच्या मते या तासात सर्वांत महत्त्वाचा क्षण असतो तो लिहिणारी मुले कळवळून 'अरे, असे नाही!' म्हणतात तेव्हाचा. तेथे थांबून त्यांना विचारावे: तसे नाही, हे कागदावर कोठे लिहिले आहे? मुले कागद पुन्हा वाचतात. मग पेन्सिल उचलतात आणि एक ओळ वाढवतात.